तांडेल काका, तुमच्या ‘नाय’बद्दल

नागपूर,
आषाढ शुद्ध षष्ठी

तांडेल काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही परत केलेले सातशे रुपये अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. दूधवाल्याला सुटे द्यायला कितीदा हात तिथे गेला, पण ते मोडवत नाहीत. होडीतून घळ, म्हणजे कड्यातली सागरी गुहा, दाखवायचे पैसे होते ते, आणि घळ दाखवली नाही म्हणून तुम्ही ते सिंधुदुर्गातल्या निवतीच्या वाळूवर उभं राहून मोजून माझ्या हातात ठेवलेत. मी घेतले. एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून हे पत्र लिहायचं आहे.

तुमच्या मुलाच्या फोनवर ते पाठवीनच, तो तुम्हाला वाचून दाखवेल. पण उघडही लिहितेय. दर मे महिन्यात आमच्याकडून कितीतरी घरं ऊन चुकवायला कोकणात उतरतात, आणि मी त्या दिवशी तुमच्याशी जशी बोलले तसं बोलणारं दुसरं कोणी त्यांच्यात असेलच.

काका, नागपुरात समुद्र कसा भेटतो ते सांगते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आमची उंची ३०० मीटरच्या थोडी वर. आमचा समुद्र तेवढाच. बाकी फुटाळा आणि अंबाझरी तलाव, तिथे लाट येते ती वाऱ्याने, आणि काठाच्या पायरीला थापटून परत जाते. मी शाळेत भूगोल शिकवते. १६ वर्षं फळ्यावर समुद्रकडा, तरंगघर्षित मंच, सागरी गुहा, कमान, स्तंभ अशा आकृत्या काढतेय. निळ्या खडूने लाटा, तपकिरी खडूने कडा. एकही गुहा पाहिली नव्हती. मुलीने सहावीत विचारलं, ‘‘आई, गुहेच्या आत लाट गेल्यावर काय होतं?’’ मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसलं. म्हणून यंदा नागपूर–मडगाव गाडीची तिकिटं काढली. मडगावपर्यंत चोवीस तासांहून अधिक प्रवास, पण एकदा इगतपुरी ओलांडली की वाराच वेगळा लागतो.

आधी चिपळूणला उतरून हेदवीला गेलो. तुम्ही तिकडचे नाही, तरी बामणघळ तुम्हाला ठाऊक असेल. उमामहेश्वराच्या देवळाशेजारी काळ्या कातळात पडलेली ती लांब, अरुंद भेग. भरतीला लाट तिच्यात घुसते, पुढे जायला जागा उरत नाही, आणि पाणी सरळ वर उसळतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी अर्ध्यावरच होतं, तरी अंगावर तुषार आले. मला मात्र त्या उसळीपेक्षा कातळानेच धरून ठेवलं. हात लावला, आणि तो आमचाच निघाला. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी, सेमिनरी हिल्स, सगळी याच दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचं पश्चिमेचं टोक कोकणच्या समुद्रात उतरतं आणि पूर्वेचं आमच्या नागपुराशी येऊन संपतं. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला सरकलं की त्याहून कितीतरी जुना खडक. तुमच्याकडे सिंधुदुर्गातही खाली तो जुना खडक उघडा पडलेला आहे. म्हणजे तुमच्या किनाऱ्याचे दोन्ही दगड माझ्या गावात आहेत, नाही तो फक्त समुद्र. मी हे बोलत सुटले तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘‘इथंही तास घेऊन राह्यली का?’’ पण मुलगी ऐकत होती. त्या भेगेच्या काठाशी तिने हात लावून तो दगड कितीतरी वेळ चाचपला.

तवसाळहून फेरीबोटीने जयगडला, मग गणपतीपुळे. तिथे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं. लोकांनी त्याच्यावर ओली कापडं टाकली, पाणी मारत राहिले, ओढून त्याला समुद्रात नेलं. ते वाचलं नाही. ती बातमी मुलीने तेव्हा कापून वहीत चिकटवली होती. त्या वाळूवर ती बराच वेळ गप्प बसली. देवमासा बघायचा हट्ट तिथून सुरू झाला, आणि तो हट्ट घेऊन आम्ही तुमच्यापर्यंत आलो.

त्या दिवशी वैशाख शुद्ध अष्टमी होती. अष्टमीला चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात, म्हणून भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. हे मी दरवर्षी शिकवते. तुम्ही त्याला भांग म्हणता, हे आदल्या रात्री आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी जेवण वाढताना सांगितलं. सकाळचे नऊ, पाणी ओहोटीला लागलेलं, वारा जवळजवळ नाही, आकाश लख्ख. पुस्तकातलं सगळं माझ्या बाजूने होतं. निवतीच्या किल्ल्याच्या कड्याला वळसा घालून होडी त्या घळीसमोर आली आणि तुम्ही इंजिन हळू केलंत. उभे राहिलात. काहीच बोलला नाहीत. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग म्हणालात, ‘‘नाय बाय. आज घळीत जावचा नाय.’’

मी काय काय बोलले ते मला आठवतं, तुम्हालाही आठवत असेल. आज भांग आहे म्हणाले. ओहोटी आहे म्हणाले. ठरलं होतं म्हणाले. आमचे हे म्हणाले, ‘‘काका, हजार किलोमीटरवरून आलो आम्ही, काहून करून राह्यले तुम्ही असं?’’ आणि मी, शिक्षिका असून, मुलीसमोर म्हणाले की डिझेल वाचवायचं असेल. काका, त्या एका वाक्याबद्दल मी तुमची हात जोडून माफी मागते.

तुम्ही रागावला नाहीत. मुलीकडे वळलात आणि म्हणालात, ‘‘मोज गो चेडवा. ही लाट लागली, आता दुसरी लागासर मोज.’’ तिने मोजलं. सोळा. पुन्हा मोजलं. सतरा. तुम्ही म्हणालात, ‘‘ही लाट हयची नाय. लांबसून इली हा.’’ आणि होडी तिथेच, कड्यापासून चांगली दूर धरून ठेवलीत. आम्हाला घेऊन परत फिरता आलं असतं तुम्हाला. तुम्ही आम्हाला दिसेपर्यंत थांबलात.

पाच-सात बारक्या लाटा गेल्या. मग तीन आल्या, एकामागून एक. पाण्यावर त्या लाटेसारख्या दिसतही नव्हत्या, नुसता फुगवटा. होडी सावकाश वर गेली, सावकाश खाली आली. तोच फुगवटा कड्यापाशी पोचला तेव्हा उभा राहिला. घळीचं तोंड छतापर्यंत भरलं. आत कोंडलेल्या हवेचा आवाज झाला, तोफ उडावी तसा छातीत बसणारा, आणि पांढरं पाणी आडवं बाहेर फेकलं गेलं. दुसरी आली. तिसरी आली. मग पुन्हा सगळं शांत, घळीच्या तोंडाशी पाणी डुचमळत, जणू काही घडलंच नाही. मुलीच्या सहावीतल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं. मलाही.

‘‘दर्यात भय नाय. भय हा ता खडपात,’’ एवढंच तुम्ही म्हणालात आणि होडी बाहेरच्या बाजूला वळवलीत.

घरी आल्यावर मी या लाटांबद्दल वाचलं. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. खोल पाण्यात त्यांची ताकद फारशी खर्च होत नाही. इथे वारा नसतो, ढग नसतो, भांग असते, तरी त्या येतात. दोन लाटांमधलं अंतर पंधरा-वीस सेकंदांपर्यंत गेलं की समजायचं, पाहुणी आहे. केरळात अशा समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहितीचं केंद्र त्यांचे इशारे देतं. मी वर्गात चंद्र शिकवत होते, सूर्य शिकवत होते, आणि ही तिसरी गोष्ट माझ्या फळ्यावर कधी आलीच नव्हती. तुम्ही ती लाट कड्याला कशी लागते ते ऐकून ओळखलीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भरती-ओहोटीच्या धड्याला मी पहिल्यांदा पोरांकडून सेकंद मोजून घेतले. एकाने फळ्यावर डस्टर आपटायचं, बाकीच्यांनी मोजायचं, सतरापर्यंत.

आता त्या दिवसाच्या दुसऱ्या गोष्टीकडे येते.

किनारा धुरकट दिसायला लागेपर्यंत तुम्ही आम्हाला बाहेर नेलंत. आधी डॉल्फिन आले, चार-पाच, पाठीला उंचवटा असलेले. मुलगी टाळ्या वाजवायला लागली तेव्हा तुम्ही ओठावर बोट ठेवलंत आणि इंजिन बंद केलंत. समुद्र इतका गप्प असतो हे मला माहीत नव्हतं. होडीच्या बुडाला पाणी लागतं तेवढाच आवाज. आम्ही तसेच बसलो, अर्धा तास असेल. ऊन लागत होतं. आमच्या ह्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

आणि मग तो श्वास ऐकू आला.

आधी आवाज, मग दृश्य. लोहाराचा भाता एकदाच पूर्ण दाबावा तसा. मी उजवीकडे बघितलं, तर हवेत वाफेचा एक खांब उभा होता आणि विरत चालला होता. त्याखालून काळी, ओली, लांब पाठ सरकत गेली. सरकतच गेली. संपेचना. शेवटी एक छोटा, मागे वळलेला पर दिसला आणि पाणी मिटलं. तुम्ही होडीच्या नाळेवर बसून हात जोडलेत. आमच्या ह्यांनी टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता येत नाही.

मुलगी कुजबुजली, ‘‘काका, चला ना, तिकडे चला.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘उगी रव. तो इलो तर बघूचा. त्येच्या पाठसून जावचा नाय.’’ तुमचा फोन खिशातच राहिला. दूर दुसऱ्या दोन होड्या दिसत होत्या, त्यांना तुम्ही खूण केली नाहीत.

दहा मिनिटांनी तो पुन्हा वर आला, आणि या वेळी आपणहून जवळ. शंभर हातांवर असेल. डोक्यावर लांबीला धरून तीन उभ्या रेघा होत्या, पाणी त्या रेघांमधून निथळत होतं. त्याच्या श्वासाचा वासही आला, कुजक्या मासळीचा. कुणाला ओंगळ वाटेल, मला तो वास अजून हवासा वाटतो. तिसऱ्यांदा तो पश्चिमेला गेला तेव्हा नुसती वाफ दिसली. शेपूट त्याने एकदाही वर काढली नाही. मुलीला चित्रातली ती पसरलेली शेपूट हवी होती, पण तीन रेघा आणि न दिसलेली शेपूट, यावरूनच आम्ही नंतर त्याला ओळखलं. ब्रायडीज व्हेल. बारा-पंधरा मीटर वाढणारा, उबदार समुद्रात बाराही महिने राहणारा, तारलीसारख्या मासळीच्या थव्यांवर जगणारा. त्याला दात नसतात, तोंडात झालरी असतात, त्यांतून पाणी गाळून तो मासळी आत ठेवतो. २०१५ मध्ये तुमच्या सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासेही दिसले होते. आणि वर जे उडतं ते पाण्याचं कारंजं नाही, श्वास आहे. हे मी आजवर किती पोरांच्या वहीत चुकीचं राहू दिलं असेल.

परतताना होडीत मी मुलीला सांगितलं की देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे. कच्छमध्ये त्यांचे जुने सांगाडे दगडांत सापडले आहेत, आणि जम्मू-काश्मीरमधल्या एका छोट्या, खुरांच्या प्राण्याला, इंडोहायसला, त्यांच्या कुळाचा जवळचा नातलग मानतात. ए. रंगा राव या आपल्याच भूवैज्ञानिकाने १९७१ मध्ये त्याला ते नाव दिलं. खुरांचा म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या पेंचमधल्या चितळांचा हा नातेवाईक?’’ लांबचा, पण हो. मग तिने हिशेब मांडला. हेदवीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, देवमाशाचं कूळ पाचेक कोटींचं. दगड आधीचा, देवमासा नंतरचा. तुम्ही सुकाणूवरून ऐकत होतात आणि हसत होतात. त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्हाला हसताना पाहिलं.

काका, आम्ही जंगलाच्या गावचे लोक. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, बोर, सगळीकडे आमची वर्षातून एखादी फेरी होतेच. एकदा एका जंगलात वाघीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होती आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. पिल्लं एकमेकांना चिकटून उभी होती. त्या रांगेतल्या एका गाडीत आम्हीही होतो. मी फोटो काढले. ते फोटो आजही चांगले आले आहेत आणि मी ते कुणाला दाखवत नाही. तुमच्या होडीत बसून मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी आमच्या गाडीत नेमकं काय नव्हतं. इंजिन बंद करणारा हात नव्हता.

देवमाशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बऱ्याच देशांत त्याच्यापासून शंभर मीटर तरी लांब राहा, समोरून जाऊ नका, घेरू नका असं सांगतात. तुम्हाला हे कोणी कागदावर लिहून दिलं होतं की नाही, मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

एकादशीला तुम्ही आपणहून निरोप पाठवलात. दुपारी अडीचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, लाट बसलेली, मुलीने मोजले तर सहा-सात सेकंद. आणि घळीत घेऊन गेलात. आत किती थंडावा होता. छतावर पाण्याच्या उजेडाची जाळी हलत होती. तुम्ही वल्ह्याने भिंतीवर दाखवलंत, ‘‘कालवां खंयसर हत बघ. थंयसर रोज पाणी येता.’’ कालवं चिकटलेली रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. भांगाच्या दिवसांतही. मी त्या रेघेकडे बघत राहिले. अष्टमीला मी तुमच्याशी भांडून जिंकले असते तर, एवढंच मनात आलं, आणि मी मुलीचा लाइफ जॅकेटचा पट्टा उगाच पुन्हा आवळला. त्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ‘‘तुमची फेरी अर्धी र्‍हवली होती,’’ म्हणालात. मग सातशे रुपये आधी परत का केलेत, हा हिशेब मला अजून लागत नाही.

आता तुमच्याकडे मासेमारी बंद असेल. जून आणि जुलै. होड्या ओढून झापांखाली गेल्या असतील, जाळी दुरुस्त होत असतील. आमच्याकडे कालच पहिला मोठा पाऊस झाला. नारळी पौर्णिमेआधी एका पार्सलमध्ये संत्रा बर्फी आणि घरचे सांडगे पाठवतेय. त्यातच एक पाकीट असेल. त्यात सातशे रुपये आहेत, त्याच नोटा. ते घळीचे नाहीत, ‘नाय’चे आहेत. ते परत करू नका.

जाताना तुम्ही मुलीला शिकवलेलं गणित आमच्या स्वयंपाकघरात रोज चालू आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. ती सकाळी दूध घेता घेता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघते आणि पेन्सिलीने चौकटीत वेळ लिहिते. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण आमच्या फ्रिजशेजारी भरती लागते आणि उतरते. कधी चुकते, वृद्धी तिथी आली की गोंधळते, मग बोटांवर पुन्हा करते.

आज षष्ठी. तिने साडेचार लिहिलंय. बरोबर आहे का, ते मुलाच्या फोनवरून कळवा.

तुमची,
नागपूरची भूगोलाची बाई